आज्ञार्थाचा पुरुष

आमची कन्या येथे दिल्लीच्या एका शाळेत सहाव्या इयत्तेत शिकते आणि परकीय भाषा म्हणून तिने स्पॅनिश घेतली आहे. तिचा अभ्यास घेता घेता आम्हांलाही ती भाषा थोडीफार वाचता येऊ लागली. कचेरीतून परतल्यावर रात्री तासभर तिच्या वहीशी झुंजावे, हा आता आमचा नित्यक्रम झाला आहे. मध्यंतरी धडा आला तो आज्ञार्थाचा. नियमित क्रियापदांपासून 'हे कर', 'ते कर' अशी होकारार्थी रूपे कशी सिद्ध करावीत, एवढाच त्या धड्याचा विषय. कोष्टक पाठ करता करता कन्या थांबली आणि तिने विचारले, "बाबा, 'आब्ला' म्हणजे 'तो बोलतो' असं मागच्या धड्यात होतं. इथे 'आब्ला' म्हणजे 'बोल' असं दिलंय. मग एखाद्याने नुसतं 'आब्ला' म्हटलं, तर तो सांगतोय की हुकूम देतोय, हे तू कसं ओळखशील?"

आम्ही तिला 'संदर्भावरून' असे ठराविक उत्तर देऊन मोकळे झालो. पण तो प्रश्न काही आमच्या मनातून गेला नाही. ज्याचा सारा दिवस इतरांच्या आज्ञा कागदावर उतरविण्यात जातो, त्याला आज्ञा म्हणजे काय, हे सांगता येऊ नये ही नामुष्कीचीच गोष्ट. म्हणून हा प्रपंच.

प्रथम नियम सांगतो. स्पॅनिशमध्ये 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'कोमेर' म्हणजे खाणे आणि 'एस्क्रिबिर' म्हणजे लिहिणे. क्रियापदांचे हे तीन वर्ग. ज्याला आपण 'तू' म्हणतो अशा माणसाला आज्ञा करावयाची, तर वर्तमानकाळातील तृतीय पुरुषी एकवचनाचे रूप जसेच्या तसे उचलावे : आब्ला, कोमे, एस्क्रिबे. ज्याला आदराने संबोधावयाचे त्याच्यासाठी मात्र अंत्य स्वराची अदलाबदल होते. 'आ'चा 'ए' होतो आणि 'ए'चा 'आ' : आब्ले, कोमा, एस्क्रिबा. हे रूप आज्ञार्थाचे स्वतःचे नव्हे. इच्छा, संशय, आशा व्यक्त करण्यासाठी त्या भाषेत जो निराळा अर्थ आहे, त्याच्याकडून ते उसने घेतलेले असते. घोषणांतून जगभर ऐकू येणारा 'विवा' हा शब्द याच जातीचा : 'जगो', 'चिरायू होवो'. अनेकांना 'तुम्ही' म्हणून सांगावयाचे, तर स्पेन देशात मूळ धातुरूपाच्या शेवटचा 'र' काढून 'द' जोडतात : आब्लाद, कोमेद, एस्क्रिबिद. अमेरिका खंडातील स्पॅनिशभाषकांत हे रूप प्रचारात नाही. तेथे मुलांच्या घोळक्यालाही आदरार्थी अनेकवचनानेच सांगतात. शेवटी राहिला 'आपण' : आब्लेमोस, कोमामोस, एस्क्रिबामोस, म्हणजे बोलू या, खाऊ या, लिहू या.

या कोष्टकाकडे पाहत असता प्रथम एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. जवळच्या माणसाला केलेली आज्ञा आणि त्याच्याविषयी केलेले साधे विधान यांचे रूप तेथे एकच आहे. आपल्या व्याकरणकारांनी साध्या विधानाच्या रूपाला 'स्वार्थ' असे नाव दिले आहे. स्पॅनिशमध्ये जवळच्यासाठी आज्ञार्थ आणि स्वार्थ यांत फरकच उरत नाही! जणू बोलणाऱ्याची खात्री इतकी पक्की, की 'तू हे कर' आणि 'तो हे करतो' यांत अंतर ठेवण्याची त्याला गरज वाटत नाही. उलट, आदरणीय माणसापुढे तीच आज्ञा इच्छेच्या रूपाने उभी राहते. 'आपण बोलावे अशी इच्छा आहे', मग बोलणे न बोलणे आपल्या मर्जीवर. त्या आदरार्थी सर्वनामाचा, 'उस्तेद'चा, उगमही तसाच आहे. 'आपली कृपा' अशा अर्थाच्या 'वुएस्त्रा मेर्सेद' या दोन शब्दांचे ते झिजलेले रूप. समोरच्या माणसाला आज्ञा करण्याऐवजी त्याच्या कृपेला उद्देशून, तृतीय पुरुषात, इच्छा प्रकट करावयाची. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. 'बस', 'बसा' आणि 'आपण बसावे' या आपल्या तीन पायऱ्यांतील तिसरी पायरीदेखील आज्ञार्थाची नसून विध्यर्थाची आहे. माणसाचा मान राखावयाचा, तर आज्ञेने आपले रूप लपवावे, हे दोन्ही भाषांना आपापल्या परीने सुचले.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. 'बोल' आणि 'बोलतो' यांचे स्पॅनिशमधील ऐक्य हा कोणाच्या बुद्धीचा विलास नव्हे, तो उच्चाराचा अपघात आहे. लॅटिनमध्ये 'प्रेम कर' याला 'आमा' आणि 'तो प्रेम करतो' याला 'आमात्' म्हणत. कालांतराने अंत्य 'त्' गळून पडला आणि दोन्ही रूपे एक झाली. तेव्हा यावर तत्त्वज्ञानाचा इमला उभारणे धोक्याचे, हे आम्ही जाणतो. परंतु अपघाताने घासून गुळगुळीत झालेल्या काचेतही कधी कधी आपला चेहरा दिसतो. आम्हांला तो दिसला, एवढेच आमचे म्हणणे.

आज्ञेच्या पोटात किती निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे आपल्याकडे पाणिनीने फार पूर्वी मोजून ठेवले आहे. 'लिङ्' या रूपाचे अर्थ सांगताना त्याने विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न आणि प्रार्थना अशी सहांची यादी दिली आणि लगेच पुढच्या सूत्रात आज्ञार्थाच्या 'लोट्'लाही तेच अर्थ बहाल केले. परंपरेने या शब्दांची जी फोड केली ती मोठी मार्मिक आहे. नोकरचाकरांना कामाला लावणे तो विधी. श्राद्धाच्या भोजनाप्रमाणे जे टाळता येत नाही ते निमंत्रण. यावे किंवा न यावे अशी ज्यात मोकळीक आहे ते आमंत्रण. वडीलधाऱ्यांना सत्कारपूर्वक एखाद्या कामाची विनंती करणे ते अधीष्ट. 'मी हे करू की ते?' असा विचारविनिमय तो संप्रश्न. आणि प्रार्थना तर आपणां सर्वांस ठाऊकच आहे. क्रियापदाचे रूप एकच, पण बोलणारा खाली उभा असेल तर ती प्रार्थना आणि वर उभा असेल तर तो हुकूम. भक्त देवाला 'तू' म्हणून आज्ञार्थातच हाक मारतो. स्पॅनिश भाषेतील ख्रिस्ती प्रार्थनाही ईश्वराला 'तू'च म्हणतात. व्याकरणाला उंची कळत नाही, ती माणसांना कळते.

स्पॅनिश कोष्टकात प्रथम पुरुषी एकवचनाचा रकाना रिकामा असतो, तेथे नुसती आडवी रेघ. स्वतःला आज्ञा करता येत नाही, असे ते व्याकरण मानते. कान्टने १७८५ साली नीतीचा निरपेक्ष आदेश मांडला, तोही स्वतःच स्वतःला घालून दिलेला नियम म्हणून. पण शब्दांत मांडताना त्यालाही 'तू असे वाग' असे द्वितीय पुरुषातच लिहावे लागले. स्वतःला हुकूम देण्यासाठीही माणसाला क्षणभर स्वतःपासून वेगळे होऊन समोर उभे राहावे लागते. मराठीची गंमत अशी, की जेथे स्पॅनिशमध्ये रेघ आहे तेथे आपल्याकडे शब्द आहे. 'मी आत येऊ?' यातील 'येऊ' हे आज्ञार्थाचेच रूप. मात्र ते आज्ञा देत नाही, परवानगी मागते. आज्ञार्थाच्या घरात मराठीने 'मी'ला जागा दिली ती उंबऱ्याबाहेर, उत्तराची वाट पाहत उभे राहण्याची. आम्हांला यात मोठा विवेक दिसतो.

आता आमच्या धंद्याकडे वळतो. केंद्र सरकारच्या कचेरीत जो मसुदा लिहिला जातो, त्यात 'कर' नसते आणि 'करा'ही क्वचितच असते. 'मला असे कळविण्याचा निदेश झाला आहे' अशी पत्राची सुरुवात. कोणी निदेश दिला, ते पत्रात येत नाही. संविधानाच्या ७७व्या अनुच्छेदानुसार भारत सरकारची सर्व शासकीय कार्यवाही राष्ट्रपतींच्या नावाने होते, आणि तसे असणे योग्यच आहे. अधिकार व्यक्तीचा नसून पदाचा असावा, हे लोकशाहीचे लक्षण आहे. सोळाव्या शतकातील स्पेनचा राजा आपल्या फर्मानाखाली 'यो एल रेय', म्हणजे 'मी, राजा', अशी सही करीत असे. त्या 'मी'ची जागा नियमाने घेतली हा जगाचा लाभच म्हटला पाहिजे. पण प्रत्येक लाभाला एक किंमत असते. मीमांसकांनी म्हटले आहे की, लौकिक आज्ञेत प्रेरणा ही बोलणाऱ्याच्या मनात असते. वेदाला कर्ता नाही, म्हणून तेथील विधिवाक्यांतील प्रेरणा मात्र प्रत्यक्ष प्रत्ययातच, शब्दातच वसते. 'यजेत' हे म्हणणारा कोणी नाही, तो शब्दच प्रवृत्त करतो. वेदाविषयी हे मत ज्याला मानावयाचे त्याने मानावे. परंतु कचेरीतील प्रत्येक कागदाला आम्ही हे अपौरुषेयत्व नकळत चिकटवीत आलो आहोत. 'करण्यात यावे' असे लिहिले, की करविणारा कोणी उरत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाखेत पाणी भरणारे आणि टपाल इकडून तिकडे पोचविणारे एक वयस्क गृहस्थ रोजंदारीवर होते. सारे त्यांना चाचा म्हणत. वीस वर्षांहून अधिक काळ ते त्या जिन्यावरून चढत उतरत होते. पुढे अशी कामे कंत्राटदारामार्फत करून घ्यावयाचे ठरले, आणि ज्यांची आवश्यकता उरलेली नाही त्यांची प्रवेशपत्रे परत घेण्यात यावीत, असे पत्र निघाले. ते इंग्रजीत होते. दुसऱ्या दिवशी चाचा तो कागद घेऊन आमच्या मेजापाशी आले आणि म्हणाले, "बाबूजी, ज़रा पढ़ दीजिए." आम्ही हिंदीत अर्थ सांगितला. त्यांनी विचारले, "किसने लिखा है?" आम्ही म्हणालो, "ऊपर से आया है, चाचा." त्यांनी कागदाची शांतपणे घडी घातली आणि पुन्हा विचारले, "तो जवाब किसको दूँ?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. वाचकहो, त्या पत्राचा मसुदा आमच्याच हातचा होता.

कन्येच्या धड्याच्या निमित्ताने स्पेनचा इतिहास थोडा चाळला, तेव्हा आम्हांला तो प्रसंग पुनःपुन्हा आठवू लागला. १५१३ साली पालासिओस रुबिओस नावाच्या राजदरबारी विधिज्ञाने 'रेकेरिमिएन्तो' नावाचा एक लेख तयार केला. नव्या खंडात पाऊल टाकल्यावर तेथील मूळ रहिवाशांना तो वाचून दाखवावा, असा दंडक होता. जगाची उत्पत्ती, पोपचा अधिकार, त्याने स्पेनच्या राजांना दिलेले दान हे सारे सांगून शेवटी आज्ञा अशी, की चर्चचे आणि राजाचे स्वामित्व मान्य करा. न केल्यास युद्ध होईल, गुलाम केले जाल आणि त्यातून जे मृत्यू व हानी होईल त्याचा दोष तुमच्यावर राहील. हा लेख ज्यांना स्पॅनिशचे एक अक्षरही कळत नव्हते अशांपुढे, कधी दुभाष्याशिवायही, वाचला गेला. आणि वाचन रीतसर झाले याचा दाखला लेखनिकाने लिहून द्यावा, अशी मागणीही त्या लेखातच होती. हे ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही, अशा आशयाचे उद्गार पुढे बार्तोलोमे दे लास कासास याने काढले. आम्हांला मात्र त्यातील लेखनिक तेवढा दिसला. त्याला स्पॅनिशमध्ये 'एस्क्रिबानो' म्हणतात. 'एस्क्रिबिर', म्हणजे लिहिणे, हा त्याच कुळातला शब्द. कन्येच्या कोष्टकात 'एस्क्रिबे' म्हणजे 'तो लिहितो', आणि 'एस्क्रिबे' म्हणजेच 'लिही'. ज्याला 'लिही' म्हटले आणि ज्याने लिहिले, त्याच्यात आणि आमच्यात चाचांच्या दृष्टीने किती अंतर होते?

त्याच स्पेनने आज्ञेविरुद्ध एक उपायही शोधून ठेवला होता. राजाचे फर्मान कायद्याच्या विरुद्ध असेल किंवा दूरच्या परिस्थितीत अनर्थकारक ठरणार असेल, तर अधिकाऱ्याने 'आज्ञा शिरसावंद्य आहे, परंतु अंमल करीत नाही' अशा अर्थाचे सूत्र उच्चारावे, अंमलबजावणी थांबवावी आणि राजाकडे फेरविचारासाठी लिहावे. मध्ययुगीन कास्तीलपासून चालत आलेला हा प्रघात अमेरिकेतील वसाहतींतही गेला. आज्ञेचा मान राहिला आणि आज्ञेला उत्तर देण्याची वाटही उघडी राहिली. हे वाचून आमच्यातील कारकुनाला प्रथम उचंबळून आले. नकार न देता नकार देण्याची एवढी सभ्य रीत आम्ही दुसरी पाहिली नव्हती.

पण पुढे वाचले आणि उत्साह ओसरला. १५४२ साली सम्राट पाचव्या चार्ल्सने 'नवे कायदे' जारी केले. मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास बंदी झाली. त्यांच्याकडून श्रम व खंडणी वसूल करण्याचे जे हक्क स्पॅनिश वसाहतवाल्यांना मिळाले होते, ते नव्याने देऊ नयेत आणि जुने धारकाच्या मृत्यूनंतर राजाकडे परत यावेत, असेही ठरले. ही आज्ञा दुर्बळांच्या बाजूची होती. मेक्सिकोत तिची अंमलबजावणी अधिकाऱ्यांनी थांबवून धरली आणि तेथे शांतता टिकली. पेरूत राजप्रतिनिधी ब्लास्को नुन्येस वेला याने ती कठोरपणे अमलात आणू पाहिली, तेव्हा गोन्सालो पिसारोच्या नेतृत्वाखाली वसाहतवाल्यांनी बंड केले आणि १५४६ साली त्या राजप्रतिनिधीला रणात प्राण गमवावा लागला. तत्पूर्वीच, १५४५ साली, सम्राटाने त्या हक्कांच्या वारशासंबंधीचे मुख्य कलम मागे घेतले होते. म्हणजे उत्तर देण्याची जी वाट होती तिच्यावरून चालत गेले ते बलवान. ज्यांच्या पाठीवर ओझे होते, त्यांना त्या वाटेची खबरही नव्हती.

तेव्हा 'आज्ञा पाळावी की न पाळावी' हा प्रश्नच आम्हांला अपुरा वाटू लागला. मधल्या माणसाने पाळली तर कधी क्रौर्य होते, मोडली तरीही कधी क्रौर्यच होते. विवेकाच्या नावाने थांबविलेल्या कागदातून कोणाचा विवेक आणि कोणाचा स्वार्थ बोलतो, हे बाहेरून कळत नाही. येथेही कन्येचाच प्रश्न : विधान कोणते आणि हुकूम कोणता? आमच्या अल्प मतीप्रमाणे आज्ञेच्या न्याय्यतेची कसोटी तिच्या वरच्या टोकाला नाही आणि मधल्या टोकालाही नाही, ती खालच्या टोकाला आहे. ज्याच्यावर आज्ञेचा भार पडतो त्याला ती कळते काय, आणि कळल्यावर त्याला उत्तर देण्यास कोणी चेहऱ्याचा माणूस उरतो काय, एवढेच दोन प्रश्न. 'रेकेरिमिएन्तो' पहिल्यातच नापास होतो. आमचे पत्र दोन्हींत नापास झाले.

कोणी म्हणेल, प्रत्येक आज्ञेला उत्तराची मुभा ठेवली तर राज्यशकट चालावयाचा कसा? आक्षेप खोटा नाही. पूर आला असता धरणाचे दरवाजे उघडण्याचा हुकूम निघाला, तर तेथे संप्रश्नाला वाव नाही. परंतु घाईच्या आज्ञा जगात थोड्या असतात. आम्ही लिहिलेल्या कागदांपैकी शेकडा नव्वद असे, की पंधरा दिवस थांबले असते तरी काही बुडाले नसते. तातडीचा शिक्का आम्ही मारीत होतो तो बहुधा स्वतःच्या सोयीसाठी.

पुढे तसलेच एक प्रकरण आमच्या मेजावर आले, तेव्हा आम्ही टिपणी लिहिली : पत्र हिंदीतही असावे, म्हणणे मांडण्यास पंधरा दिवस द्यावेत आणि ते कोणापुढे मांडावे त्या अधिकाऱ्याचे नाव पत्रात यावे. हिंदी मंजूर झाली, पंधरा दिवसही मिळाले. नावाच्या जागी मात्र पदनाम आले. यात शौर्य काही नाही. चाचा तोवर गावी निघून गेले होते आणि त्यांच्यासाठी आम्ही तेव्हा पेन उचलले नव्हते, हे कोणत्याही टिपणीने पुसले जात नाही.

परवा कोष्टकाची शेवटची ओळ राहिली होती. कन्येने विचारले, "बाबा, 'आब्लामोस' म्हणजे 'आम्ही बोलतो'. मग 'आब्लेमोस' म्हणजे 'आम्ही बोलू' की 'आपण बोलू'?" स्पॅनिशला 'आम्ही' आणि 'आपण' यांत भेद करता येत नाही. मराठीला येतो, आणि म्हणून उत्तर मराठीतच द्यावे लागले. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. हुकूम 'आम्ही' देऊ शकतो, पण 'बोलू या' असे केवळ 'आपण'च म्हणू शकतो. संपूर्ण आज्ञार्थात ज्या रूपात आज्ञा करणाराही आज्ञेखाली येतो ते एवढे एकच, आणि जो 'मी' त्या कोष्टकात एकवचनात कोठेच सापडत नाही तो तेथे इतरांच्या सोबतीने सापडतो. हा सबंध लेख आम्ही 'आम्ही' या सर्वनामाने लिहिला. कचेरीतही आम्ही त्याच सवयीमागे लपत आलो. चाचांनी "किसने लिखा है" असे विचारले तेव्हा खरे उत्तर प्रथम पुरुषी एकवचनी होते, आणि ते देऊन झाल्यावर कदाचित 'आपण'पर्यंत पोचता आले असते.

कन्येला आम्ही म्हणालो, "'आपण बोलू' असं लिही." तिने लिहिले, आणि मग वर पाहून म्हणाली, "बाबा, आत्ता तू मला 'लिही' म्हणालास. तो हुकूम होता का?" आम्ही तिच्या शेजारी बसलो आणि पुढची तीन क्रियापदे दोघांनी मिळून लिहिली.